मीटरपुढे बसलेली माणसं

माझ्या वडिलांनी आधी फोटो स्टुडिओ काढला, मग लग्न केलं, मग मी झाले. स्टुडिओच्या पाटीवर ‘वैजयंती’ असं रंगवून झालं होतं, त्यामुळे मुलीसाठी वेगळं नाव शोधायच्या भानगडीत कुणी पडलं नाही. आता वडील नाहीत आणि बाळीवेशीतल्या त्या पाटीखाली मी बसते. नव्या गिऱ्हाइकाला वाटतं, बाईनं दुकानाला स्वतःचं नाव दिलं, काय ही मिजास. मी खुलासा करत नाही.

स्टुडिओत अजून वडिलांचेच नियम चालतात. मान सरळ, खांदे खाली, तोंड बंद. सोलापूरचा माणूस चहाच्या गाड्यावर कितीही खिदळत असला, तरी माझ्या स्टुलावर बसला की कोर्टात साक्षीला उभा केल्यासारखा होतो, आणि मला ते पसंत आहे. दुसरं मोठं काम म्हणजे गेलेल्या माणसाचा फोटो मोठा करून देणं. घरचे लोक आधार कार्ड घेऊन येतात आणि म्हणतात, “अक्का, ह्येलाच मोठं करा, फकस्त जरा माणसावानी दिसू द्या.” मी होईल तेवढं करते.

हे सगळं अशासाठी सांगितलं की पुढे मी शिवयोगीच्या फोटोंना नावं ठेवणार आहे, आणि ती ठेवायचा मला अधिकार आहे.

शिवयोगी नंदर्गी विजेच्या मीटरचं रीडिंग घेतो. वीज कंपनीचा नोकर नव्हे. कंपनीनं ज्या ठेकेदाराला काम दिलंय, त्याचा माणूस. सकाळी कपाळावर विभूती लावून निघतो, ती दुपारपर्यंत घामानं धुऊन जाते. दारात उभा राहून “मीटर” एवढंच ओरडतो आणि उत्तराची वाट न बघता आत शिरतो. आमच्या भागात मीटर कुठं असेल याचा नेम नाही. कुणाचं जिन्याखाली, कुणाचं देवघराच्या मागं, कुणाचं थेट स्वयंपाकघरात फळीवरच्या डब्यांच्या रांगेत. व्याही-विहीण बाहेरच्या खोलीतून परत जातात, शिवयोगी चुलीपर्यंत जातो. आणि त्याला बघून कुणी बनियनवर सदरा चढवत नाही, भांडण थांबवत नाही, तोंडातला घास घाईनं गिळत नाही. मीटरवाला आला म्हणजे घरात कुणी आलं असं आमच्याकडे धरतच नाहीत.

तर हा माणूस मीटरचा फोटो काढायच्या आधी माणसांचा काढतो. “मीटर कुटं पळून जातंय, अक्का? हसू पळून जातं,” असं त्याचं म्हणणं. त्यामुळे आधी माणूस, मग मीटर, हा त्याचा क्रम. महिन्यातल्या एखाद्या रविवारी तो माझ्याकडे येतो, त्यातले निवडक फोटो छापून घेतो आणि पुढच्या फेरीला ज्याचे त्याला नेऊन देतो. कुणी ‘नको, पूस’ म्हणालं तर तिथंच पुसून दाखवतो. तसं म्हणणारे फार थोडे निघाले.

आता फोटो. विड्या वळणाऱ्या चार बायका बसल्यात, एकीनं काहीतरी सांगितलंय आणि चौघींची तोंडं उघडी आहेत. हात मात्र विडीवरून हललेले नाहीत. दोन जावा हरभऱ्याचे डहाळे सोलतायत, ताटलीत दाणे कमी आणि दोघींच्या गालात जास्त. एका रिटायर्ड कंडक्टरनं नवा स्वेटर घातलाय, त्याला अजून किमतीची चिठ्ठी लटकतेय आणि तो आरशापुढे पोट आत ओढून उभा आहे. एक म्हातारी कडक भाकरी कानाजवळ धरून बोटानं वाजवून बघतेय आणि आवाज मनासारखा आलेला आहे.

फोटो म्हणून हे सगळे चुकीचे आहेत. कुणाचं डोकं वरून कापलेलं, कुणाच्या कानातून खांब उगवलेला, उजेड नको तिथून आलेला. मी प्रत्येक वेळी हे त्याला सांगत असे.

“ही बाई कुठं बघतेय?” मी विचारायची.

“हसतीय की, अक्का.”

“मी विचारलं, बघतेय कुठं?”

“हसताना माणूस कुटं बघतंय व्हय?”

मी प्रती काढून द्यायची.

भानगड झाली ती जानेवारीतली सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा उरकल्यावरच्या फेरीत, आणि झाली तीही गुरुसिद्धप्पांच्या घरी. दुसऱ्या कुठल्याही घरी झाली असती तर मला हे लिहायची वेळ आली नसती.

गुरुसिद्धप्पा आमच्या गल्लीतले मोठे माणूस. ज्वारीची अडत होती, आता वय झालं म्हणून बंद केली. सगळे त्यांना अप्पा म्हणतात. गल्लीत भांडण झालं की अप्पांना बोलावतात. ते न्याय वगैरे करत नाहीत; दोन्ही बाजूंना इतकं झापतात की दोन्ही बाजू एक होऊन त्यांच्यावर चिडतात आणि भांडण मिटतं. त्यांचे दात कुणी पाहिलेले नव्हते. माझ्याकडे त्यांचे जेवढे फोटो निघाले, त्या सगळ्यांत त्यांनी मी न सांगताच तोंड बंद ठेवलं होतं. त्यांची बायको महादेवी, आम्ही सगळे अव्वा म्हणतो. हळू बोलणारी बाई, गुडघे पार गेलेले, भिंतीला धरून चालते. गल्लीत तिचं नाव निघालं की पाठोपाठ ‘बिचारी’ हा शब्द यायचाच. असल्या जमदग्नीशी संसार केला, असा त्याचा अर्थ.

त्यांचं मीटर घराच्या मागच्या बोळात आहे. त्या दिवशी शिवयोगी गेला तेव्हा बोळात कुणी नव्हतं, म्हणून त्यानं आधी मीटरचा फोटो काढला आणि तो पुढच्या दारी गेला. तिथं बराच वेळ कडी वाजवली, पण कुणी उघडलं नाही. परत येताना, बोळाच्या तोंडाशी, त्याला हसण्याचा आवाज आला. वळून बघतो तर अव्वा मीटरच्या समोरच्या भिंतीला टेकून खुर्चीवर बसलेली. पुढं पाटावर अप्पा. अव्वाचा पाय अप्पांच्या मांडीवर, अप्पांच्या हातात नेलकटर. गुडघे वाकत नाहीत म्हणून तिच्या पायाची नखं ते कापत होते. अव्वाला गुदगुल्या होत होत्या, ती पाय ओढून घेत होती, अप्पा तो घट्ट धरून ठेवत होते आणि दोघंही हसत होते. शिवयोगीनं फोटो काढला.

ठेकेदाराचं ॲप त्याच्या मोबाईलमध्येच आहे. रेंज नसली की ते अडकतं, आणि आमच्या बोळांत रेंज कधीच नसते. मग रस्त्यावर आल्यावर त्या त्या घराच्या नावापुढे गॅलरीतला शेवटचा फोटो टाकायचा, ही शिवयोगीची सवय. क्रम कधी मोडत नसल्यामुळे शेवटचा फोटो नेहमी मीटरचाच असायचा, म्हणून तो बघतही नसे. त्या दिवशी क्रम मोडला होता. वीज कंपनी आमच्याकडे बिलावर मीटरचा फोटो छापते, एरवी त्यात आकडे सोडा, मीटर आहे की डबा हेही कळत नाही. या वेळी छपाई उत्तम आली.

बिल आधी मोबाईलवर येतं. अप्पांचा मुलगा मृत्युंजय चिंचोळी एमआयडीसीत कामाला आहे. बिल त्याला येतं आणि तो न उघडता घरच्या ग्रुपवर टाकतो, म्हणजे ‘मला सांगितलं न्हाय’ असं अप्पांना म्हणता येऊ नये. या ग्रुपवर अव्वाच्या अक्कलकोटच्या बहिणी आहेत, भाचे आहेत, सुनेच्या माहेरचे आहेत. दुपारी अप्पांच्या बार्शीच्या मेव्हण्यानं लिहिलं, “अप्पा, आमच्या हिचीबी लई वाढल्यात. कधी येताय?”

संध्याकाळपर्यंत गल्लीला कळलं. दुसऱ्या दिवशी कागदी बिल आलं, तेव्हा कळायचं कुणी राहिलेलं नव्हतं. अप्पा चौकातून जायला लागले की पानपट्टीवरचे लोक एकदम आपापल्या पायांकडे बघायचे. तोंडावर बोलायची कुणाची छाती नव्हती.

अप्पा तडक वीज कंपनीच्या ऑफिसात गेले. तिथं उत्कर्षा मॅडम म्हणून तरुण इंजिनिअर आहेत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि कॉम्प्युटर पुढं ओढला. तक्रारींचे प्रकार त्यात आधीच ठरलेले असतात. त्यांतला एक निवडल्याशिवाय कॉम्प्युटर पुढं जात नाही.

“फोटो अस्पष्ट, असं लिहू का काका?”

“अस्पष्ट न्हाय. लई स्पष्ट हाय. तीच तर तक्रार हाय.”

“तसा प्रकार नाहीये. रीडिंग चुकीचं?”

“रीडिंग बरोबर हाय.”

मॅडमनी यादी खालीवर केली. शेवटी एक प्रकार उरला : रीडर जागेवर न जाता भलताच फोटो टाकतो. घरी बसून कुणाचाही फोटो टाकणारे रीडर असतात, त्यांच्यासाठी तो प्रकार ठेवलेला. मॅडमनी समजावून सांगितलं की ही तक्रार मोठी आहे. सोमवारी सुनावणी होईल, ठेकेदाराचा माणूस समोर असेल, आणि ग्राहकानं ‘हा फोटो माझ्या घरचा नाही’ असं सांगितलं की रीडरला त्याच दिवशी काढून टाकतात. पुन्हा कुठल्याच ठेकेदाराकडे त्याला काम मिळत नाही.

अप्पांना हा प्रकार एकदम पटला. फोटो घरचा नाही, म्हणजे फोटोतला माणूस अप्पा नाही. एका वाक्यात मीटरवालाही जाणार होता आणि पाटावर बसलेला तो माणूसही. त्यांनी सही केली.

त्या रविवारी शिवयोगी माझ्याकडे आला. नेहमीसारखा मोबाईल पुढे केला आणि म्हणाला, “अक्का, अव्वाची प्रत काढायची हाय.”

“तुझी नोकरी चालली आणि तुला प्रत सुचतेय?”

“नोकरीचं उद्या बघू. प्रत द्यायची राहिली की.”

“चंद्रिकाला सांगितलंस?” चंद्रिका त्याची बायको.

“सांगितलं. कालपासनं बोलना झालीय.” त्यानं मोबाईल माझ्या टेबलावर ठेवला. “तिची लई इच्छा हुती, घराला वरती एक खोली काढायची. आता न्हाय जमनार.”

“उद्या मॅडमनी विचारलं तर काय सांगशील?”

“खरं ते. अप्पा हसत हुते.”

“ते सोडून बाकी काहीही सांग,” मी म्हणाले.

“मग दुसरं काय सांगू? दुसरं काय घडलंच न्हाय.” त्यानं मोबाईलकडे बघितलं. “चूक माझीच हाय, अक्का. त्येंच्या घरातलं गल्लीत आलं. म्या इचारून काढाय पायजे हुता. पर इचारलं असतं तर ते हसायचं थांबलं असतं.”

मी फोटो कॉम्प्युटरवर मोठा केला. सवयीनं चुका शोधायला लागले आणि भरपूर सापडल्या. चौकट तिरकी. अव्वाच्या साडीवर ऊन सांडलेलं, अप्पांचा चेहरा अर्धा सावलीत. अप्पांच्या डोक्यामागून मीटर अर्धवट डोकावतंय, जणू अप्पांनाच ते बसवलंय. चुका संपल्या तरी मी बघत बसले होते. अप्पांची जीभ कामात गुंतलेल्या पोरासारखी दातांत आली होती, आणि दात चांगले होते. अव्वा डोळे मिटून, मान मागं टाकून हसत होती. या बाईला मी लहानपणापासून ओळखते, आणि तिला ‘बिचारी’ म्हणणाऱ्यांत मीही होते. पडद्यावरच्या बाईला तो शब्द कुठूनच बसेना. मी प्रत काढली. शिवयोगीनं ती घेतली, पण अप्पांच्या दारात जायचं धाडस आता त्याला नव्हतं. माझ्याच टेबलावर ठेवून गेला.

तो गेला आणि तासाभरानं अप्पा आणि अव्वा रिक्षातून उतरले. मला वाटलं, प्रतीचा वास लागला की काय. पण अप्पांचं काम वेगळं होतं.

“वैजयंती, आमचा दोघांचा एक नीट फोटो काढ. उद्या हाफिसात दाखवायचा हाय, आमी असे दिसतो म्हनून. आन् तू बी संगट यायचं. तू जाणकार. मॅडमला सांगायचं, त्या फोटोतला मानूस आन् ह्या फोटोतला मानूस येक न्हाय.”

खरं म्हणजे मला ते सांगता आलं असतं. दोन फोटो शेजारी ठेवले तर कुणीही माझ्यावर विश्वास ठेवला असता.

वडिलांच्या पद्धतीप्रमाणे नवरा खुर्चीवर आणि बायको शेजारी उभी, हात खुर्चीच्या पाठीवर. अव्वाला उभं राहवेना. मग मी म्हणाले, अव्वा बसू दे, तुम्ही उभे राहा. अप्पांना ते चालेना. परवाच्या प्रकारानंतर पुन्हा बायको खुर्चीत आणि आपण नाही, हे कसं दिसेल? शेवटी दोन खुर्च्या मांडल्या. मध्ये एवढी जागा ठेवायला लावली की तिसरा माणूस बसला असता. मी उजेड लावला. अप्पांनी तोंड बंद केलं. उत्तम फोटो निघाला, एकही चूक नाही.

उठता उठता अव्वानं टेबलावरची प्रत पाहिली. बिलावरचा तो फोटो तिनं एवढा मोठा आणि रंगीत कधी पाहिलेला नव्हता. ती टेबलाला धरून उभी राहिली.

“ते ठेव खाली,” अप्पा म्हणाले.

अव्वानं ठेवलं नाही. “उद्या तुमी काय सांगनार मॅडमला?”

“सांगनार की. तो मी न्हाय.”

“आन् ती बाई?”

“ती... ती तू असशील की. मी कुटं न्हाय म्हनलं.”

“मग माझा पाय कुनाच्या मांडीवर हाय?”

मी कॅमेऱ्याची पिशवी बंद करायला घेतली. ती आधीच बंद होती, तरी केली. अप्पांनी यावर विचार केलेला नव्हता, हे त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. एका अब्रूच्या पाठीमागं धावताना दुसरी, त्याहून मोठी, हातातून सुटत होती.

“लोक हसत्यात,” अप्पा म्हणाले. आवाज बराच खाली आला होता.

“हसत्यात तर हसू द्यात. हसतील त्यांचे दात दिसतील. तुमचे दिसले तर काय बिघडलं?” अव्वा एवढं सलग बोललेली मी कधी ऐकली नव्हती. “माझी आई जाईस्तवर म्हनत हुती, पोरीला मी रागीट मानसाच्या पदरात टाकली. मी किती सांगितलं, तसं न्हाय गं आई, घरात न्हाईत तसे. तिला पटलं न्हाय. तिला वाटायचं, मी तिला बरं वाटावं म्हनून सांगतीय. तसंच मनात घेऊन गेली ती. आता बहिनींचे फोन आले, काल दोघी रडल्या फोनवर. म्हनल्या, आईला हे दाखवाय पायजे हुतं. आन् तुमी उद्या हाफिसात जाऊन सांगनार, हे खोटं हाय.”

“साकु,” अप्पा म्हणाले. घरात पुरे झालं म्हणायचं असलं की ते कानडीत म्हणतात. ते रस्त्यावर जाऊन रिक्षापाशी उभे राहिले. अव्वानं प्रत पदराखाली घेतली आणि भिंतीला धरत धरत गेली. उद्या अप्पा काय करणार, ते तिलाही माहीत नव्हतं आणि मलाही. साठी उलटलेला माणूस एका फोटोपायी बदलतो, असा माझा अनुभव नाही, आणि फोटोंचा माझा अनुभव बराच आहे.

सोमवारी मी स्टुडिओ बंद ठेवून ऑफिसात गेले. अव्वाही आली होती. ऑफिस वरच्या मजल्यावर आहे. ती जिना कशी चढली ते मी पाहिलं नाही, मी पोचले तेव्हा ती मॅडमच्या केबिनबाहेर चप्पल काढत होती. आमच्याकडची जुनी माणसं साहेबाच्या खोलीत चप्पल घालून जात नाहीत. आत शिवयोगी भिंतीला लागून उभा होता. आज विभूती दाट लावली होती. त्याचा मोबाईल तपासणीसाठी मॅडमच्या टेबलावर ठेवून घेतलेला, आणि शेजारी ठेकेदाराचा माणूस घड्याळ बघत बसलेला. शिवयोगीच्या जागी उद्यापासून कोण येणार, हे त्यानं ठरवून ठेवलं होतं.

मॅडमनी बिल अप्पांपुढे ठेवलं. “काका, एकच प्रश्न आहे. हा फोटो तुमच्या घरचा आहे की नाही? नाही म्हणालात तर विषय संपला.”

अप्पांनी बिल हातात घेतलं. चष्मा पुसला, घातला, पुन्हा काढला. ठेकेदाराचा माणूस पेन घेऊन तयार होता. अव्वा जमिनीकडे बघत होती. शिवयोगी अप्पांकडे बघत होता, आणि त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, याचं मला फार वाईट वाटलं.

“घरचा हाय,” अप्पा म्हणाले.

“म्हणजे रीडर जागेवर आला होता?”

“हौदु. आला हुता.” मग मराठीत, आणि चांगल्या मोठ्या आवाजात, “बायकोची नखं काढत हुतो. मीच हाय तो.”

केबिनच्या दारातून आत बघणारे दोन कारकून होते, ते जास्त बघायला लागले.

मॅडम अडचणीत आल्या. “पण मग फोटोत मीटर का नाही? काहीतरी कारण टाकावं लागेल. रीडरची चूक दाखवली तर...”

“मीटर हाय की. बघा.” अप्पांनी बिलावर बोट ठेवलं. “माझ्या डोस्क्यामागं हाय. हे पोरगं बिचारं काय करील? मीटरच्या पुढं मी बसलो हुतो. चूक माझी. माझ्या नावावर लिवा.”

मॅडमनी कॉम्प्युटरात शोधलं. त्यासाठी मात्र प्रकार होता : ग्राहकाकडून रीडिंगला अडथळा. मॅडमनी सांगितलं, ही नोंद ग्राहकाच्या नावापुढे कायम राहते, नोटीस येते. अप्पांच्या नावापुढे आजवर कुठल्याही ऑफिसात वाईट नोंद नाही, हे ते येता-जाता सगळ्यांना ऐकवत आले आहेत. “लिवा,” ते म्हणाले. आणि सही केली. ठेकेदाराच्या माणसानं पेनाला टोपण लावलं.

मॅडम माझ्याकडे वळल्या. “तुम्ही तज्ज्ञ म्हणून आलात ना? तुमचं काही म्हणणं?”

पर्समध्ये दोन खुर्च्यांवरचा, एकही चूक नसलेला फोटो होता. मी तो बाहेर काढला नाही. “फोटो बरोबर आहे,” मी म्हणाले. असं मी शिवयोगीच्या फोटोबद्दल पहिल्यांदाच म्हणत होते.

आम्ही बाहेर आलो. केबिनबाहेर अव्वाची चप्पल होती, डॉक्टरनं दिलेली, मागं पट्टा असलेली. तो पट्टा वाकल्याशिवाय लागत नाही आणि अव्वाला वाकता येत नाही. ती भिंतीला हात लावून पायानंच चप्पल चाचपडायला लागली. जिन्यावर, कॉरिडॉरमध्ये, काउंटरपुढे माणसं होती; बाळीवेशीतलीही चार-दोन होती. मी पुढं व्हायच्या आत अप्पा तिच्यापुढे खाली बसले. धोतर आवरून, नीट उकिडवे बसले. तिचा एक पाय उचलून चपलेत घातला, पट्टा ओढला, मग दुसरा. अव्वानं तोल जाऊ नये म्हणून त्यांच्या डोक्यावर हात ठेवला होता. काउंटरची रांग वळून बघत होती.

“काय बघताय?” अप्पा बसल्या जागेवरून म्हणाले. “रांग पुढं सरकली की.”

रांग पुढं सरकली. माझ्या शेजारी शिवयोगी उभा होता. सवयीनं त्याचा हात खिशात गेला. खिसा रिकामा होता, मोबाईल अजून मॅडमच्या टेबलावर होता. माझा मोबाईल माझ्या पर्समध्ये होता. मी त्याच्यापुढे पर्स उघडून धरली.

त्यानं मान हलवली. “नको, अक्का. काढाय लागलो की बघायचं ऱ्हातंय.”

अप्पा गुडघ्यावर हात टेकून उठले. अव्वानं त्यांचा दंड धरला आणि दोघं एकेक पायरी जिना उतरायला लागले. शिवयोगी कठड्याला टेकून ते पार खाली पोचेपर्यंत बघत राहिला, आणि मग मोबाईल आणायला आत गेला.